कुडाच्या घरातला जॉब

आयटीआयमध्ये ‘जॉब’ म्हणजे नोकरी नव्हे. जॉब म्हणजे शिकणाऱ्याने स्वतःच्या हाताने केलेलं काम. फिटरचा जॉब लोखंडाचा, वेल्डरचा दोन पट्ट्या जोडलेला, आणि आमच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडचा म्हणजे लाकडी फळीवरचं वायरिंग. एक दिवा, एक पंखा, एक प्लग, मेन स्विच. मुलगा खपून ते करतो, मी तपासतो, गुण देतो आणि त्याच मुलाला सांगतो, “चल, आता सोड सगळं.” कारण तीच वायर पुढच्या मुलाला लागते.

तलासरी तालुक्यातल्या एका खासगी आयटीआयमध्ये माझी नोकरी असे जॉब बांधून घेण्यात आणि सोडवून घेण्यात गेली. संस्थेचं नाव घालत नाही. घातलं तर रागाच्या भरात आणखीही चार नावं घालीन, आणि संपादकांना त्रास होईल.

मी मूळचा चिखल्याचा. वडील दुसऱ्याच्या चिकूवाडीत राखणीला होते. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. डहाणूत मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळक्या तारा उसवत शिकलो, नोकरी करत परीक्षा दिल्या आणि निदेशक झालो. मुलं तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘चारशेचाळीस’. घरातली लाइन दोनशेतीस व्होल्टची असते, कारखान्यातली चारशेचाळीसची. जवळ जाताना जपून, एवढाच त्याचा अर्थ. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

घासाघीस हा माझा दुसरा ट्रेड. संस्थेकडून साहित्य वेळेवर कधी आलं नाही, म्हणून मी चारोटीला जाऊन भंगारवाल्यांकडून जळलेले पंप आणि मोटारी आणायचो. गुजरातीत सुरुवात करायची, हिंदीत चिडायचं आणि मराठीत उठून चालायला लागायचं. तिसऱ्या भाषेपर्यंत मोटार माझी झालेली असायची. मुलं सोबत असली की त्यांना मी सांगायचो, हेही शिका, अभ्यासक्रमात नाही.

आता मुद्द्यावर येतो.

दिनेश नावाचा एक मुलगा होता. त्याच्या हातचा जॉब सोडायला सांगताना माझा जीव खालीवर व्हायचा, इतका सुबक. तो एका सोमवारी पिशवी घेऊन आला. पिशवीत स्विचबोर्ड, वायरी लोंबत असलेल्या.

“सर, पडला.”

“पडला? कुठून?”

“घरात लावला होता. रात्री दार आपटलं नि खाली आला.”

“स्क्रू कोणता मारलास?”

“तुम्ही सांगितला तोच.”

मी भडकलो. भिंतीत गुट्टी, म्हणजे स्क्रू धरणारा लाकडी ठोकळा, नीट बसवली नसेल, घाई केली असेल, असं बरंच बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, तिथं स्क्रू धरायला कायच नाय. माती हाय नुसती.”

वर्ग सुटल्यावर त्याच्या मागे मोटारसायकलवर बसून मी पाड्यावर गेलो. घर कुडाचं. कुड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि वरून शेणमातीने लिंपायचं. आयुष्यभर अशी घरं मी रस्त्यावरून बघितली होती, पण त्यांच्याकडे वायरमनच्या नजरेने कधी बघितलं नव्हतं. कुडाचं घर भिंतींवर उभं नसतं, खांबांवर उभं असतं. भिंत नुसता आडोसा. आणि आमचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत विटांच्या भिंतीसाठी लिहिलेलं. ज्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं कुडाच्या घरातून येतात, त्या वर्गाला मी वर्षानुवर्षं विटांच्या भिंतीत गुट्ट्या मारायला शिकवत होतो.

त्या संध्याकाळी दिनेशने आणि मी दोन खांबांमध्ये आडवी फळी ठोकली, फळीवर बोर्ड बसवला आणि वायर खांबावरून वर, वाशांच्या कडेने नेली. भिंतीला हातसुद्धा लावला नाही. परत येताना डोक्यात एकच होतं: शेवटचा मोठा जॉब मुलांनी आपापल्या घरी करावा. मीटर वीज कंपनीचं, त्याला हात लावायचा नाही. मीटरच्या पुढचं सगळं मुलाने करायचं. आणि तो जॉब सोडायचा नाही. घरात राहू द्यायचा.

प्राचार्यांकडे गेलो तर ते म्हणाले, “कल्पना चांगली आहे हो, पण मुलगा घरी काय करतो ते कोणी बघितलं? बाहेरचा वायरमन बोलावून करून घेईल.”

“मग सील लावू,” मी म्हणालो.

सौदा पटकन जुळावा म्हणून कडक अट आपणच पुढे करायची, ही माझी जुनी युक्ती. अट अशी ठरली: बाहेरचे परीक्षक एकदा येऊन काम बघतील आणि बोर्डाच्या झाकणावर सहीचा कागद चिकटवतील. काही आठवडे घरच्यांनी दिवे-पंखे वापरायचे, कारण जोडणी पक्की आहे की नाही ते वापरल्यावरच कळतं. मग परीक्षक पुन्हा येतील. कागद फाटलेला असला तर प्रकल्प रद्द. प्रकल्प रद्द म्हणजे नापास. हे सगळं मी बोललो, प्राचार्यांनी टाइप करून घेतलं.

उपक्रम चांगला चालला. इतका, की पुढच्या वर्षी आम्हाला ‘अभिनव अध्यापन’ अशा नावाच्या प्रशिक्षणाला शहरात पाठवलं. मी तिसऱ्या रांगेत. पडद्यावर चित्र आलं आणि बघतो तर दिनेशचं घर! तीच फळी, तोच बोर्ड, कोपऱ्यात माझा अर्धा खांदा. व्यासपीठावर आमचे प्राचार्य. चित्राखाली त्यांचं नाव, उपक्रमाचे शिल्पकार म्हणून. माझ्या हातात प्रशिक्षणार्थीची फाइल. माझीच पद्धत मला शिकवली गेली, आणि शेवटी मला ती समजली असं प्रमाणपत्रही मिळालं. जेवताना प्राचार्यांनी स्वतः माझ्या पानात गुलाबजाम वाढला. “टीमवर्क आहे, सर,” म्हणाले. तो गुलाबजाम मी खाल्ला नाही. बायको म्हणते, सोडून द्या आता. मी वायर सोडायला शिकवलं, हे सोडणं मला जमलेलं नाही.

पण ज्या मुलीसाठी लिहायला बसलो ती अजून आलीच नाही.

जानकी आमच्या ट्रेडला तिच्या तुकडीतली एकुलती एक मुलगी. घरी वारली बोलणारी, वर्गात काहीच न बोलणारी. प्रश्न विचारला की वहीकडे बघायची. हात मात्र शहाणा. वायरचं आवरण काढताना तांब्याला ओरखडा म्हणून नाही. उंबरगावच्या बाजूच्या एका कंपनीने तिला शिकाऊ उमेदवार म्हणून निवडलं होतं, पास झाली तर. नाहीतर चिकूच्या वखारीत फळं निवडायला जायचं, हे घरात ठरलेलं. आजीने तिच्यासाठी दोन वर्षं थांबायचं कबूल केलं होतं, तिसरं नाही.

तिच्या घरी जॉबची जागा ठरवायला मी गेलो. आतल्या खोलीत दोन सागवानी खांब जवळजवळ होते, फळीला अगदी योग्य. दुसरीकडे कुठेच असे खांब नव्हते. “इथे लाव,” मी म्हणालो. जानकी भिंतीकडे बघत राहिली. “काय गं, कळलं ना?” तिने मान हलवली. तिने काम झकास केलं. परीक्षक आले, बघून खूश झाले, सहीचा कागद चिकटवून गेले.

मग एका दुपारी वर्कशॉपच्या दारात जानकीची आजी उभी. आमच्याकडची म्हातारी माणसं कोणालाही अरेतुरे करतात, त्यात अपमान नसतो.

“मास्तर, तो डब्बा काढ.”

“कोणता डबा, आजी?”

“लायटीचा. पोरीच्या बहिणीचा लगीन हाय. चौक लिवायचा तिथंच तुझा डब्बा.”

वारल्यांच्या लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. काढतात म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात. सवाशिणी तो लिहितात, त्यात देवी बसते, आणि धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई त्याच्यासमोर गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न नाही. आणि चौक कुठल्याही भिंतीवर नाही, त्याची घरातली जागा ठरलेली असते. जानकीच्या घरात त्याच जागेच्या बरोबर मध्ये मी फळी ठोकायला लावली होती.

मी जानकीकडे वळलो. माझा आवाज चढलेला. “तुला माहीत होतं? मग तेव्हा तोंड का नाही उघडलंस?”

ती वहीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, “सर, तुम्ही विचारला फळी कुठं बसंल. भिंत कशाची ते विचारला नाय.”

मग मला जे येतं ते करायला घेतलं, म्हणजे घासाघीस.

“आजी, दुसऱ्या भिंतीवर लिहिला चौक तर?”

“तुझ्या बायकोचा मंगळसूत्र दुसरीच्या गळ्यात घालशील?”

“बोर्डावर कापड टाकू. लग्न झालं की काढू.”

“देवीच्या तोंडावर फडका?”

“बरं, बाजूला लिहिला, थोडा लहान…”

“लहान लिव. मग लगीन पण लहान कर. अर्धा नवरा आण.”

वर्कशॉपमधली मुलं हसायला लागली. मी त्यांच्यावर ओरडलो, पण माझ्यात जोर नव्हता. भंगारवाल्यांपुढे मी कधी हरलो नाही. या बाईला मात्र माझ्याकडची एकही गोष्ट नको होती, आणि ज्याला आपल्याकडचं काहीच नको त्याच्याशी सौदा होत नाही.

आजी गेल्यावर जानकीला बजावलं, “मी परीक्षकांशी बोलतो. लग्नाच्या आधी दुसरी तपासणी करून घेऊ. झाकण उघडलं की कागद फाटतो, तोवर त्याला हात लावायचा नाही. लावलास तर नापास, समजलं?”

परीक्षक एका तंत्रनिकेतनातले अभियंते, डहाणूत राहणारे. फोन उचलेनात म्हणून घरी गेलो. ते कामासाठी बाहेरगावी, लग्नानंतरच परतणार. त्यांच्या पत्नीने फोन लावून दिला. मी समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, “अट तुमचीच आहे ना, सर? मी ती बदलू कशी?” प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, “सर, या उपक्रमाचं नाव झालंय आता. असं काही केलं तर विश्वासार्हता जाते.” माझ्या उपक्रमाचं! काय बोललो ते इथे छापता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी जानकी वर्गात नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. मी पाड्यावर गेलो. अंगणात मांडवाचे खांब उभे राहत होते. आत गेलो तर भिंत मोकळी, ताज्या गेरूने लाल. फळी काढलेली. खांबांवर जिथे खिळे ठोकलेले होते तिथली भोकंसुद्धा मातीने बुजवलेली.

समोरच्या बाजूला, दाराजवळ, एक नवा खांब जमिनीत रोवलेला. त्याचं खालचं टोक भाजून काळं केलेलं, वाळवी लागू नये म्हणून. त्याच्यापासून घराच्या जुन्या खांबापर्यंत तीच फळी, फळीवर तोच बोर्ड. वायर वाशांवरून वळवून नेलेली, अर्थिंगची वायर नव्या लांबीची, मध्ये जोड न देता. सहीच्या कागदाचे दोन तुकडे तिने घडी घालून झाकणाच्या कडेला खोचून ठेवले होते. लपवले नव्हते.

जानकी पिठाचा तांब्या घेऊन आली. मला बघून थांबली.

“तुला सांगितलं होतं ना हात लावू नकोस म्हणून?”

“हो, सर.”

“मग?”

“बहिणीचा लगीन हाय, सर.”

एवढंच. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आत बायका भिंतीपाशी बसलेल्या, धवलेरी सुपारी कातरत होती, आणि माझ्या आवाजाला त्या घरात जागा नव्हती. मी खांब हलवून बघितला. हलला नाही. “बारीक खडी घातलीस खाली?” विचारलं. “घातली,” म्हणाली. मी चहा घेतला आणि निघालो. रस्त्यात मात्र माझं गणित चालू झालं. परीक्षक आले की काय बोलायचं, काय कबूल करायचं, दोष कसा स्वतःवर घ्यायचा. मी सांगितलं म्हणून तिने हलवला, असं म्हणेन. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते.

लग्न झालं. परीक्षक आले त्या दिवशी मी त्यांच्या आधी जाऊन पोचलो. आतल्या भिंतीवर चौक तसाच होता, पांढरा, बारीक रेघांचा, मध्ये देवी. परीक्षक दाराशी थबकले. ते चौकाकडे बघून बोर्डाकडे वळले आणि त्यांनी कागदाचे तुकडे उचलले.

“हे कोणी फाडलं?”

“मी सां…” मी सुरुवात केली.

“मी,” जानकी म्हणाली. “सरांनी नको म्हणून सांगितला होता.”

मी कपाळावर हात मारला. इतक्या मेहनतीने रचलेली गोष्ट एका शब्दात मोडली.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. “बाळ, अट माहीत आहे ना तुला? प्रकल्प रद्द होतो.”

“माहीत हाय.” मला वाटलं, झालं, आता ही जमिनीकडे बघेल. पण ती बोलत राहिली. एवढं सलग बोलताना मी तिला दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. “सर, सील कशाला लावला? दुसऱ्या कोणी काम करू नये म्हणून ना? मग मी तुमच्यासमोर सगळा सोडते. फळीपासून. आणि परत लावते. तुम्ही बसा इथं. कोण करते ते बघा. मग सील पाहिजे कशाला?”

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती. मी जानकीकडे बोट दाखवलं.

“खूप वेळ लागेल,” ते म्हणाले.

“जेवण हाय,” दारातून आजी म्हणाली. “लग्नाचा उरलेला नाय, ताजा.”

ते बसले. जानकीने मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली, आणि सगळं सोडलं. फळी उतरवली, वायर गुंडाळली, जमिनीवर ओळीने मांडली. मग पुन्हा पहिल्यापासून. त्या दुपारी माझ्या हातांना काय करावं कळेना. एकदा पकड तिच्यापासून लांब पडली होती, मी उचलून द्यायला वाकलो तर परीक्षक म्हणाले, “सर, तुम्ही नाही.” मी बाहेर अंगणात गेलो, पुन्हा आत आलो, पुन्हा बाहेर गेलो. एका वळणावर तिने वायर जरा ताणून घेतली, तेव्हा मी खिडकीतून बघत दात-ओठ खाल्ले. ती थांबली, बघितलं, सैल करून परत बसवली. पाड्यावरच्या बायका येऊन उंबऱ्यावर बसल्या होत्या. लहान पोरं सामानाच्या ओळीपलीकडे न जाता वाकून बघत होती.

शेवटी तिने मेगर लावला. वायरीतून वीज कुठे गळते का ते दाखवणारं हे यंत्र. परीक्षकांनी स्वतः वाकून आकडा बघितला. मग फळी हाताने हलवली. खांबाला खांदा लावून जोर दिला. मग पंखा चालू केला. लग्नाच्या मांडवातली पताका कोणीतरी आत आणून टांगली होती, ती फडफडायला लागली.

“पास,” परीक्षक म्हणाले. “प्रकल्प मी मान्य करतो. तुमच्या प्राचार्यांना त्याचं कारण मी लिहून कळवीन.”

जानकीने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. परीक्षक गुण लिहायला बसले, ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसून कागदाकडे बघायला लागली. मी बाहेर येऊन ओट्यावर आजीजवळ बसलो. आतून आवाज येत होते.

“सर, इथं कापले कशाला?”

“अगं, आधी परवानगी न घेता जागा बदललीस, त्याचे.”

“ते कापा. पण अर्थिंगचे कशाला कापता? अर्थिंग तर बरोबर हाय. तुम्हीच बघितला आकडा.”

“वायर जास्त लागली तुला.”

“लांब गेला म्हणून लागली. जोड दिला असता तर कमी लागली असती, पण मग तुम्ही जोडाचे कापले असते.”

परीक्षक हसल्याचं ऐकू आलं. मला उठून आत जावंसं वाटत होतं. आता तू जरा गप्प बस, थोडं चालायला लाग, मग ते मागून हाक मारतील, हे तिला सांगायचं होतं. मी ओट्याची कड धरून बसून राहिलो.

आजीने पानाला चुना लावता लावता विचारलं, “काय रे मास्तर, संपला का परीक्षा?”

“नाही अजून, आजी,” मी म्हणालो. “पास झालीय. भाव चाललाय.”